काडीपेटीची हद्द

आमचे रेंजरसाहेब रोज सकाळी स्वतःचे खिसे तपासून घेत. फाल्गुन लागून जंगलात पानगळ सुरू झाली की हे चालू व्हायचं, ते मृग लागेपर्यंत. गावाबाहेर जिथून सरकारी जंगल सुरू होई तिथं एक मुनारा होता. मुनारा म्हणजे चुना फासलेला दगडांचा ढीग. अलीकडे गाव, पलीकडे जंगल, एवढंच सांगणारा. शेजारच्या मोहाला एक पत्र्याचा डबा ठोकलेला होता. साहेब मुनाऱ्यापाशी थांबायचे, दोन्ही हात खांद्याइतके वर करायचे आणि गार्डाला म्हणायचे, "पाह्य."

गार्ड संकोचानं साहेबांच्या खाकी शर्टाचे, मग पँटीचे खिसे चाचपायचा. विडीचा कट्टा निघायचा, काडीपेटी निघायची, कधीकधी दुसरी काडीपेटी निघायची. सगळं डब्यात. मग साहेब गार्डाचे खिसे पाहायचे आणि शेवटी माझे. मी विडी ओढत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मी एकदा तसं बोललोही.

"म्हणून तर पाह्यतो," ते म्हणाले. "जो ओढते तो काडीपेटी कुठी आहे हे कधी विसरत नाई. न ओढणारा माणूस कान कोराले काडी घेते अन् पेटी खिशात विसरून जाते."

मी मूळचा वर्धेकडचा. रेंज ऑफिसात कारकून म्हणून लागलो तो थेट धानोऱ्याच्याही पुढं. गडचिरोली तेव्हा नुसती तहसील होती, सगळा मुलूख चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात मोडायचा. जमीनदाऱ्या नुकत्याच संपल्या होत्या, जमीनदारांची जंगलं सरकारजमा झाली होती, आणि कोणतं झाड आता कोणाचं यावरून गावोगाव कुरबुरी चालू होत्या. अशा दिवसांत खाकी कपड्यातल्या माणसाकडे लोक जरा तिरप्या नजरेनंच पाहत.

साहेब ब्रह्मपुरीकडचे. उंच, वाळल्या बांबूसारखे. मिशा पांढऱ्या, पण मधोमध पिवळ्या पडलेल्या. उजव्या हाताची दोन बोटं हळद लावल्यासारखी. बालाघाटला ट्रेनिंग झालेलं, इंग्रजी पत्र लिहायला बसले की वरच्या ऑफिसनं शब्दकोश उघडावा. पण बोलणं शेवटपर्यंत झाडीपट्टीचंच राहिलं. वरिष्ठांशीही. एकदा नागपूरहून एक मोठे अधिकारी पाहणीला आले. परदेशी लायटर, ओठात सिगरेट. मुनाऱ्यापाशी साहेबांनी त्यांच्यापुढं रिकामा तळवा धरला.

"सर, लायटर."

अधिकारी हसले. साहेब हसले नाहीत आणि तळवाही मागं घेतला नाही. आम्ही सगळे जमिनीकडे पाहत उभे. शेवटी त्या अधिकाऱ्यांनी सिगरेट विझवली, लायटर तळव्यावर ठेवला आणि सगळा दिवस तसाच काढला. संध्याकाळी परत मुनाऱ्याच्या अलीकडे आल्यावर साहेबांनी तो दोन्ही हातांनी परत केला आणि त्यांची सिगरेट स्वतः पेटवून दिली. त्याच ज्योतीवर आपली विडीही.

जंगलात चालताना त्यांची एक सवय होती. थोडं अंतर गेलं की थांबायचे. एखाद्या झाडाच्या बुंध्याला हात लावायचे आणि त्या झाडाविषयी बोलायला लागायचे. हा बिजा, याच्या लाकडाचा पेला करून त्यात रात्रभर पाणी ठेवलं तर सकाळी निळं दिसते. हा धावडा, याचा दांडा कुऱ्हाडीले लावा, बाप वापरते अन् लेकही वापरते. ही मोवई, हिच्या लाकडाचा काही उपयोग नाई, पण कुंपणाले खुपसली तर जगते. बोलणं झालं की पुन्हा चालू लागायचे, पुन्हा थोड्या वेळानं थांबायचे. नव्या माणसाला वाटे, काय झाडांचं वेड आहे या गृहस्थाला. मलाही कितीतरी दिवस तसंच वाटत होतं. कधीकधी ज्या झाडाविषयी काल बोलले त्याच्याविषयी आज पुन्हा तेच बोलायचे, तेव्हा मात्र मनात यायचं की साहेब आता म्हातारे झाले.

मुनाऱ्याच्या अलीकडे हाच माणूस वेगळा असे. तिथं ते विडीशिवाय दिसायचेच नाहीत. एक विझायच्या आत दुसरी तिच्यावर पेटायची. पत्र सांगताना विडी, पगार वाटताना विडी, चहाबरोबर विडी आणि चहा संपल्याची विडी. ऑफिसातल्या फायली उघडल्या तरी वास यायचा. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम आला, मजूर पानांचे पुडे बांधून आणू लागले की साहेब एक पान हातात घेऊन उलटंपालटं करीत आणि म्हणत, "पाह्य बाबू, हे पान आपण राखतो, आपणच लिलावात देतो, अन् मग हेच माझ्या छातीत येऊन बसते."

विडी सोडण्याचे त्यांचे प्रयत्न सगळ्या रेंजला माहीत होते. दर गुढीपाडव्याला सोडायचे. नवरात्रात सोडायचे. एकदा त्यांनी भरलेला कट्टा नदीत भिरकावला आणि मग गार्डाला विचारलं की इथं पाणी किती खोल आहे. आवळ्याच्या फोडी चघळून पाहिल्या, बडीशेप चघळून पाहिली, हिरड्यानं तोंड कडू करून पाहिलं. प्रत्येक वेळी थोड्या दिवसांनी पुन्हा धूर.

त्यांचं वेगळेपण हे की, ते स्वतःला फसवताना स्वतःकडे पाहत असत. हे मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही. टेबलाशी बसून विडी हातात घेत आणि पेटवायच्या आधी मला मोठ्यानं सांगत, "ऐक बाबू, आता माझं मन काय बोलून राह्यलं. म्हणते, आज काम जास्त आहे, आज एक ओढ, उद्यापासून सोड. काल म्हणे, आज काम नाई, बसल्या बसल्या काय करशील, एक ओढ. परवा घरी वाद झाला तेव्हा म्हणे, दुःखात माणसानं एक ओढावं. अन् पगारवाढ झाली तेव्हा म्हणे, आनंदात कोण नाई ओढत. हा मनातला वकील पाह्य. काम असो नसो, दुःख असो का आनंद, निकाल एकच मागते."

आणि मग पेटवीत. मला हसू येई. मी तेव्हा तरुण होतो, मला वाटायचं, ठरवलं की सुटतं. सुटत नाही म्हणजे ठरवलेलंच नाही.

त्या वर्षी होळीच्या सुमारास त्यांच्या डाव्या पायाचं बोट दुखायला लागलं. ते बूट न घालता चपलेवर ऑफिसात येऊ लागले. बोट आधी निळसर दिसत होतं, मग काळं. टोकाला जखम झाली आणि ती भरेना. गावच्या वैदूनं पाला बांधला. उपयोग झाला नाही. शेवटी बाईंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, मला बोलावलं. त्या फार बोलत नसत. सुपात तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "भाऊ, यायले चांद्याले घेऊन जा. माझ्यासंगं गेले तर डॉक्टर काय बोल्ला ते मले खरं सांगणार नाईत. तुम्ही संगं असले तर तुम्ही सांगसान."

चांद्याला एक वयस्क खासगी डॉक्टर होते. त्यांनी पाय पाहिला, पोटरी दाबली, घोट्याजवळची नाडी बराच वेळ शोधली आणि विचारलं, "चालताना पोटरी धरते का?"

"धरते," साहेब म्हणाले. "थोडं चाललो की गोळा येते. उभा राह्यलो की उतरते."

"मग काय करता?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "झाड पाह्यतो," ते म्हणाले.

मी तिथं खुर्चीत बसलो होतो. बिजाचं निळं पाणी, धावड्याचा दांडा, मोवईचं कुंपण, सगळं त्या एका वाक्यात माझ्यासमोर उभं राहिलं. दोन-तीन वर्षं हा माणूस पाय दुखतो म्हणून थांबत होता, आणि आमच्यातल्या एकालाही ते कळू दिलं नव्हतं.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. विड्या ओढणाऱ्यांना हा आजार होतो. तंबाखूतलं विष पायाच्या रक्ताच्या नळ्या आखडून टाकतं. आज बोट, उद्या पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. औषध एकच, आणि ते दुकानात मिळत नाही. "दिवसाला एक ओढली तरी चालणार नाही," ते म्हणाले. "अर्धीही नाही. विडी किंवा पाय, दोन्ही ठेवता येणार नाहीत."

आम्ही परत निघालो. गडचिरोलीला बस थांबली. ते खाली उतरले, पायरीवरून पाय जमिनीला लागतो न लागतो तोच विडी पेटवली आणि डोळे मिटून झुरका घेतला. मला राग आला. इतका राग मी त्यांच्यासमोर कधी दाखवला नव्हता.

"साहेब, पाय जाणार म्हणून सांगितलं ना त्यांनी. मग तुमची इच्छाच नाही."

ते चिडले नाहीत. विडीकडे पाहत म्हणाले, "तुले तसंच वाटणार. तू ओढत नाई. पाय जाणार म्हटल्यावर भेव वाटलं मले. अन् भेव वाटलं की मी काय करतो? बिडी ओढतो. तो डॉक्टर जितकं भेव घालीन, तितकी मी जास्त ओढीन. हे गणितच उलटं आहे, बाबू."

मग पुष्कळ वेळानं, बस पुढं निघाल्यावर, खिडकीतून जंगल दिसू लागलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "एक सांग मले. सकाळी मुनाऱ्यापाशी मी डब्यात कट्टा ठेवतो. दिवसभर जंगलात फिरतो. तू संगं असते. कधी पाह्यलं का मले तलफ आलेली?"

मी आठवून पाहिलं. खरंच नव्हतं पाहिलं.

"घरी मी जेवणाचं ताट संपेपर्यंत थांबू शकत नाई. अन् तिथी सूर्य डोक्यावर येऊन कलते तरी आठवण होत नाई. संध्याकाळी परत निघालो, मुनारा दिसाले लागला, की तोंडाले पाणी सुटते, हात कापाले लागते. छाती तीच, रक्त तेच, तंबाखूही तोच. फरक काय आहे?"

"तिथं काडीपेटी नसते."

"काडीपेटी तर डब्यात आहे, मागं जाऊन आणता येते. तो फरक नाई." त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. "तिथी मी मनाले विचारतच नाई. वणव्याच्या दिवसांत जंगलात बिडी नाई म्हणजे नाई. त्यात वकिलाले बोलाची जागाच नाई. घरी मी रोज नव्यानं खटला चालवतो, म्हणून रोज हारतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन मजूर लावून नाल्याच्या काठावर दगडांचा नवा ढीग रचायला लावला, आणि त्याला चुना फासला. जंगलाचा मुनारा तिथून बराच लांब होता. मी विचारलं, हे काय. ते म्हणाले, "आजपासून माझ्यापुरतं जंगल इथून लागते." संध्याकाळी परत येताना ते जुन्या मुनाऱ्यापाशी विडी ओढायला थांबले नाहीत. नाल्यापर्यंत आले आणि तिथं डब्यातून काढून आणलेली विडी पेटवली. आठवडाभरानं दुसरा ढीग तयार झाला, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, कडेला. त्यांच्या मनात होतं की असंच एकेक ढीग पुढं सरकवत ऑफिसपर्यंत आणायचं, मग घरापर्यंत.

पण त्यांच्या मनातलं गावाला कसं कळणार? गावानं एवढंच पाहिलं की जंगलखात्याचा मुनारा नाला ओलांडून शेताच्या बांधाला येऊन टेकला. जमीनदारी जाताना जंगल गेलं, आता सरकार बांध्याही घेणार, असा बोभाटा झाला. एका सकाळी ऑफिससमोर माणसं जमली. बायकाही होत्या. पुढं म्हातारे पाटील, हातात काठी.

"साहेब," पाटील म्हणाले, "आमी तुमाले कधी तरास देला नाई. मोहफुलं येचाले गेलो तं तुमच्या कायद्यानं गेलो. मंग हे काऊन करून राह्यले? आमच्या बापजाद्यांच्या बांध्या हायेत त्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमी तो मुनारा फोडून टाकू." पाटलांनी मागं न पाहता हात वर केला आणि तो आवाज थांबला.

साहेब खुर्चीवरून उठले. पडवीत आले, पायरीवर बसले आणि डाव्या पायाची पट्टी सोडू लागले. काळं बोट सगळ्यांना दिसलं. पुढच्या बायकांनी पदर तोंडाला लावला.

"पाटील, तो मुनारा सरकारचा नाई. माझा आहे," साहेब म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाला ते, पाय जाणार ते, जंगलात तलफ येत नाही ते, आणि म्हणून जंगलच घरापर्यंत ओढत आणायचं ठरवलं ते. रेंजरनं गावासमोर बसून असं बोलावं, हे कुणी ऐकलेलं नव्हतं.  "मले सुटत नाई पाटील. जीव जाऊन राह्यला तरी सुटत नाई. लाज वाटते, पण खरं आहे."

 पाटील पायरीवर त्यांच्याशेजारी बसले. स्वतःच्या कानावरची विडी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानावर ठेवली.

"मंग असं थोडं थोडं काऊन सरकवता?" ते म्हणाले. "शेपटी तोडाची तं एका घावानं तोडा. रोज बोटभर तोडली तं जनावराले रोज दुखते. बसवा मुनारा आजच तुमच्या दारात. आमच्यातलं कोणी तुमाले काडी देणार नाई, हे मी सांगतो."

त्या दिवशी गावातल्याच पोरांनी दोन्ही ढीग मोडून दगड डोक्यावर आणले आणि साहेबांच्या फाटकापाशी मुनारा रचला. चुना बाईंनी स्वतः लावला. किराणा दुकानवाले करीमभाई गर्दीत होतेच. साहेबांनी त्यांना सांगितलं की मी मागितली तरी विडी द्यायची नाही. करीमभाई विचारात पडले.

"साहब, ना कैसे बोलूं, आप गिऱ्हाईक है," ते म्हणाले. "दूंगा. लेकिन पहले भाभीजी को बुलाऊंगा, उनके हाथ से दूंगा." लोक हसले. साहेबही हसले. त्यानंतर त्यांनी त्या दुकानाची पायरी कधी चढली नाही.

एक अडचण उरली होती ती बाईंनी दाखवली. काडीपेटी नसली म्हणून काय झालं, घरात चूल होती. चुलीत विस्तव होता.

"जंगलात चूल कशी चालते?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी चुलीकडे पाहिलं.

"मंग ऐका," बाई म्हणाल्या. "सैपाकघर तुमच्या जंगलात नाई. तिथी माझं राज आहे. पाणी पाहिजे तं बाहेरून मागा. उंबरा वलांडला तं मी चूल इझवीन, अन् त्या दिवशी कोणीच जेवणार नाई."

पुढचे दिवस मी जवळून पाहिले, कारण ऑफिस आणि घर एकाच आवारात होतं. साहेबांचा सिद्धांत अर्धाच खरा निघाला, हे त्यांनीच नंतर कबूल केलं. मन हद्द मानत होतं, शरीर मानत नव्हतं. पहिले काही दिवस त्यांना झोप नव्हती, पोट साफ होत नव्हतं, डोकं ठणकत होतं. भुकेचं भान राहिलं नव्हतं, सारखं काहीतरी चघळायला लागायचं. एका सरकारी पत्रात त्यांनी मला तेच वाक्य तीनदा सांगितलं आणि मी तसं म्हणताच दौत फेकली. शाई भिंतीवर उडाली. मग स्वतःच ओलं फडकं घेऊन भिंत पुसायला लागले, आणि पुसता पुसता रडले. रडण्यासारखं काही झालं नव्हतं. "हे मी नाई रडून राह्यलो, बाबू," ते म्हणाले, "हे ते विष रडून राह्यलं. त्याले जागा सोडाची नाई."

तलफ आली की ते खिशातलं घड्याळ काढून पाहत बसत. मला वाटलं, वेळ घालवतात. पण त्यांनी त्यातून एक गोष्ट हेरली होती. "मले वाटे, तलफ आली की ती वाढत वाढत जाईन अन् शेवटी माणूस फुटून जाईन. म्हणून मी आधीच पेटवत होतो, कधी शेवटपर्यंत थांबलोच नाई. आता पाह्यलं, ती वाढते, थोडा वेळ डोक्यावर बसते, अन् मग उतरते. बिडी दिली तरी उतरते, नाई दिली तरी उतरते. चहा नाई विचारला की पाहुणा कसा आपोआप उठून जाते, तशी." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर नवं झाड सापडल्याचा आनंद होता.

हळूहळू चिडचिड ओसरली. बोटाची जखम कोरडी पडू लागली. मिशांचा पिवळेपणा वाढत्या केसांबरोबर खाली सरकत गेला आणि एका हजामतीत संपला. आम्ही समजलो, सुटली.

मग ब्रह्मपुरीला त्यांच्या पुतणीचं लग्न निघालं. साहेब आणि बाई गेले. परत आले त्या दिवशी मी फाटकातून आत गेलो तर साहेब पडवीत बसलेले, आणि सदऱ्याला तोच जुना वास. समोर विडीचा अर्धा कट्टा. मला पाहून त्यांनी तो लपवला नाही.  बाई आत भांडी घासत होत्या, जरा जास्तच आवाज करीत.

"ये, बस," ते म्हणाले. "तुले वाटून राह्यलं असंन, मेहनत वाया गेली."

मला तेच वाटत होतं.

"जंगलात वणवा लागला, आपण काय करतो? जंगल टाकून देतो का? लागला तो लागला. विझल्यावर आपण जाऊन पाह्यतो, आग अडवाची जाळरेषा कुठी तुटली होती. आग कुठून आत शिरली." त्यांनी बोटानं जमिनीवर रेघ ओढली. "मी दोन दिवस तेच पाह्यून राह्यलो. विहिणी-व्याह्यांशी भांडण झालं तेव्हा नाई ओढली. रात्रभर जागरण झालं तेव्हा नाई ओढली. पोरगी सासरी निघाली, सगळे रडले, तेव्हाही नाई. मी स्वतःले शाबासकी देऊन राह्यलो होतो. मग पंगत उठली, सतरंजीवर चार जुने दोस्त बसले, पानाचं तबक आलं, अन् एकानं मले न विचारता पेटवलेली बिडी पुढं केली. माझा हात गेला. डोक्याले कळाच्या आधी हात गेला. दुःखाच्या बाजूले मी पहारा ठेवला होता, बाबू. आग सुखाच्या बाजूनं आली."

त्यांनी कट्टा उचलला, उठून स्वैपाकघराच्या उंबऱ्यापाशी गेले आणि आत न जाता हात लांब करून तो बाईंच्या पुढं धरला. बाईंनी भांडी खाली ठेवली, कट्टा घेतला आणि चुलीत टाकला. धूर झाला. तो वास घरभर पसरला तेव्हा साहेब अंगणात जाऊन उभे राहिले होते. बाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या लगनात जेवलं की माझ्याकडे यायचं. बाया काही बिडी नाई देत."

आणि ते खरंच तसं करू लागले. त्यानंतर कुठल्याही पंगतीत जेवण झालं की रेंजरसाहेब उठून बायकांच्या घोळक्यात जाऊन बसायचे, कुणाचं लेकरू मांडीवर घ्यायचे, सुपारी कातरून द्यायचे. लोक हसले, मग हसायचे थांबले. पाटलांनीही पुढच्या वर्षी कानावरची विडी बंद केली. मात्र गालात तंबाखूची गोळी ठेवायला लागले, आणि साहेबांनी त्यांना त्याबद्दल कधी टोकलं नाही. म्हणायचे, "ज्याचा त्याचा वकील वेगळा."

डाव्या पायाचं ते बोट वाचलं नाही. चांद्याच्या डॉक्टरांनी ते काढलं. पण काळेपणा त्याच्यापुढं सरकला नाही. ते जंगलात फिरत राहिले, पूर्वीसारखेच थांबत थांबत. पाय कमी दुखत होता, तरी थांबायचे. मी विचारलं तर म्हणाले, आता सवय झाली, झाडं वाट पाहतात.

माझी बदली झाली. मी आल्लापल्लीकडे गेलो, नंतर दुसरीकडे. मध्ये राज्यं बदलली, कागदावरची मोहोर बदलली. साहेब निवृत्त होऊन ब्रह्मपुरीला राहायला गेल्याचं कळलं, आणि एकदा कामानिमित्त तिकडे गेलो तेव्हा मी त्यांचं घर शोधत गेलो. सकाळची वेळ होती. ते अंगणात खाटेवर बसून पेपर वाचत होते. मिशा पांढऱ्याशुभ्र. बाईंनी चहा केला, मला कितीतरी वर्षांचं एकदम विचारलं. घराच्या भोवती ना जंगल होतं ना मुनारा. शेजारीच पानठेला होता आणि त्याचा धूर भिंतीवरून सरळ अंगणात येत होता.

मी न राहवून विचारलं, "साहेब, पुन्हा कधी?"

"जागेपणी नाई," ते म्हणाले.

मला कळलं नाही. त्यांनी पेपराची घडी घातली.

"सपनात ओढतो. अजून. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येते ते सपन. जुनं ऑफिस, तूही असते कधीकधी, अन् मी आरामात बसून ओढून राह्यलो. कोणी काही म्हणत नाई. चवही तशीच लागते, बाबू, एकदम तशीच." ते जरा हसले. "सकाळी डोळा उघडला की काळजात धस्स होते. वाटते, गेलं सगळं."

"मग?"

उत्तर त्यांनी दिलं नाही, बाईंनी दिलं. त्या कप उचलायला आल्या होत्या.

"मंग काय," त्या म्हणाल्या, "मले उठवतात. अन् बोटं पुढं करून म्हणतात, हुंगून सांग."

"अन् ही काय करते माहीत आहे का?" साहेब म्हणाले. "दरवेळी हुंगल्यावर थोडा वेळ थांबते. मुद्दाम. मग सांगते."